कॉम्प्युटरवर खेळणाऱ्याने गेमचा कन्सोल घेताना

वीस-पंचवीस वर्षे कॉम्प्युटरवर गेम खेळलेल्या माणसालाही एक दिवस कन्सोल घ्यावासा वाटतो. कारणे निरनिराळी असतात. कोणाचे ग्राफिक्स कार्ड जुने झालेले असते आणि नव्या कार्डाचा भाव ऐकून छाती दडपते. कोणाच्या घरी कॉम्प्युटर एकच. दिवसा त्यावर टॅली चालते आणि रात्री मुले बसतात. कोणाला दिवसभर स्क्रीनपुढे हिशेब करून आल्यावर पुन्हा खुर्चीत ताठ बसायचे नसते, टीव्हीसमोर पाय पसरून खेळायचे असते. हा शौक फक्त पोरांचा आहे असे कोणी समजू नये. प्रिन्स ऑफ पर्शिया, डूम आणि एज ऑफ एम्पायर्स खेळत वाढलेली आमची पिढी आता पन्नाशीत आहे, आणि दुकान बंद झाल्यावर तासभर खेळणारे कितीतरी बंधू आमच्या ओळखीचे आहेत.

व्यापाराच्या पानावर खेळण्याच्या यंत्राची चर्चा कशाला, असा सवाल होईल. एक तर पन्नास हजार रुपये ही आपल्या घरात लहान रक्कम नव्हे. दुसरे असे की या यंत्रामागे जो व्यापार आहे तो नीट समजला तरच कोणता कन्सोल घ्यावा, किंबहुना घ्यावा की नाही, हे ठरते. दुकानातला मुलगा आपल्याला टेराफ्लॉप आणि फोर-के सांगेल. तो खोटे सांगत नाही, पण निर्णय त्यावर होत नाही.

स्वस्त माग, महाग सूत

कॉम्प्युटर हा खुला बाजार आहे. प्रोसेसर एका कंपनीचा, कार्ड दुसऱ्या कंपनीचे, कीबोर्ड लॅमिंग्टन रोडवरून उचललेला, आणि गेम जिथे स्वस्त मिळेल तिथून. स्टीमवर महाग वाटला तर एपिककडे पाहावे, तिथे नसेल तर जीओजीकडे. कोणी एक मालक नाही. कन्सोलचे तसे नाही. प्लेस्टेशन सोनीचे, एक्सबॉक्स मायक्रोसॉफ्टचा, स्विच निन्टेन्डोचा. त्या यंत्रावर कोणता गेम चालेल आणि त्यावर दलाली किती, हे ती ती पेढी ठरवते. स्वतःचा माग असलेला विणकर सूत कोठूनही आणतो. पण शेठने माग कमी किमतीत द्यावा आणि अट घालावी की सूत आमच्याच गोदामातून घ्यायचे, तर त्या मागाची खरी किंमत काय पडते, हे भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

ही व्यवस्था पहिल्यापासून नव्हती. १९७७ साली अटारीचा २६०० हा कन्सोल अमेरिकेत आला. त्यासाठी गेमची कॅसेट कोणीही बनवू लागले, आणि काही वर्षांत बाजारात इतका रद्दी माल साचला की १९८३ मध्ये तिथला हा धंदाच कोसळला. दुकानदार व्हिडिओ गेम ठेवायला तयार नव्हते. १९८५ मध्ये जपानची निन्टेन्डो कंपनी अमेरिकेत उतरली ती यंत्रात कुलूप घालूनच. कॅसेटमध्ये कंपनीची चिप असेल तरच गेम चालायचा. बाहेरच्या उत्पादकाने वर्षाला पाचच गेम काढायचे, कॅसेट निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायच्या आणि पैसे आगाऊ भरायचे, अशा अटी होत्या. अटारी गेम्सने ते कुलूप उघडण्याची युक्ती काढली, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि १९९२ साली अपील कोर्टाने निन्टेन्डोच्या बाजूने कौल दिला. रद्दी माल थांबला हे खरे आणि त्यात गिऱ्हाईकाचा फायदाही झाला. पण किल्ली पेढीच्या हाती गेली ती गेलीच. पुढे आलेल्या प्रत्येक कन्सोलने हाच नमुना उचलला.

आजचा हिशेब किती उघड आहे याचा एक दाखला २०२१ सालचा आहे. एपिक आणि ॲपल यांच्यातील खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने कॅलिफोर्नियाच्या कोर्टात शपथेवर सांगितले की कंपनीने एक्सबॉक्सच्या यंत्रविक्रीत आजवर कधीच नफा कमावलेला नाही. नफा कोठून येतो? गेमच्या विक्रीतून. कन्सोलच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या गेमवर पेढीची दलाली शेकडा ३० आहे. गंमत म्हणजे त्याच वर्षी ऑगस्टपासून मायक्रोसॉफ्टने विंडोजवरील गेमची दलाली ३० वरून १२ टक्क्यांवर आणली, कन्सोलवर मात्र ३० तशीच ठेवली. कंपनी तीच, कधी कधी गेमही तोच. मग फरक कशाचा? कॉम्प्युटरवर गिऱ्हाईकाला शेजारच्या दुकानात जाता येते, कन्सोलवर शेजारी दुकानच नाही.

सोनीचेही असेच. डिस्कवाले प्लेस्टेशन ५ अमेरिकेत २०२० मध्ये ४९९ डॉलरला निघाले, आणि आता ते तोट्यात विकले जात नाही असे कंपनीने २०२१ च्या ऑगस्टमध्ये सांगितले. म्हणजे तोवर ते तोट्यात जात होते. आठ-नऊ महिने पदरचे घालून यंत्र विकणारा व्यापारी वेडा नसतो. त्याची वसुली दुसरीकडे असते.

पूर्वी असा रिवाज होता की कन्सोल जुना होत जाईल तसा भाव उतरायचा, आणि शहाणा माणूस दोन वर्षे थांबून घ्यायचा. या पिढीत उलटे झाले. तेच ४९९ डॉलरचे यंत्र २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत सुमारे ५५० डॉलरला गेले. एक्सबॉक्स सिरीज एक्स त्याच वर्षी दोनदा वाढून ऑक्टोबरात सुमारे ६५० डॉलरवर पोचला. तेव्हा 'थांबलो तर स्वस्त होईल' या भरवशावर कोणी बसू नये. मात्र नवा कन्सोल निघाल्याबरोबर पहिल्या खेपेतला घेऊ नये, हा जुना नियम आजही खरा आहे. एक्सबॉक्स ३६० ची यंत्रे लाल दिवे लावून इतकी बंद पडू लागली की २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि त्यापायी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली.

डब्याचा नव्हे, सहा वर्षांचा हिशेब

कन्सोल पाच-सात वर्षे चालतो. आपण सहा धरू. भारतात प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये आले तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० रुपये होती आणि बिनडिस्कवाल्याची ३९,९९०. सोनीचे मोठे नवे गेम त्या सुमारास आपल्याकडे ४,९९९ रुपयांना निघू लागले. वर्षाला चार नवे गेम घेतले तर सहा वर्षांत चोवीस, म्हणजे एक लाख वीस हजारांच्या घरात. यंत्राच्या दुपटीहून अधिक. कोणी म्हणेल, पूर्ण भावात कोण घेतो, सेल लागतात. बरोबर. निम्म्या भावाने धरा, तरी साठ हजार होतात आणि यंत्राची किंमत मागे पडते.

यात ऑनलाइन खेळण्याची फी धरलेली नाही. कॉम्प्युटरवरच्या माणसाला ही फी ठाऊकच नसते, कारण इंटरनेटचे पैसे भरले की मित्रांशी खेळायला वेगळे काही द्यावे लागत नाही. कन्सोलवर विकत घेतलेला गेम दुसऱ्यांशी ऑनलाइन खेळायचा तर पेढीची वर्गणी लागते. प्लेस्टेशनवर ही सक्ती २०१३ मध्ये चौथ्या पिढीपासून आली. फुकट मिळणारे फोर्टनाइटसारखे गेम तेवढे तिच्यातून सुटले आहेत. वर्गणी भरणाऱ्याला दरमहा काही गेम मिळतात हे खरे, पण वर्गणी थांबली की त्या गेमांना कुलूप लागते. आणि वर्गणीचा भाव पेढीच्या हाती. प्लेस्टेशनची सर्वात खालची वार्षिक वर्गणी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत ६० वरून ८० डॉलर झाली, तर एक्सबॉक्सची सर्वात वरची मासिक वर्गणी २०२५ च्या ऑक्टोबरात २० वरून एकदम ३० डॉलर. ज्याला क्रिकेट-फुटबॉल घरातल्या घरात, भावाभावांत खेळायचे आहे त्याला या फीची गरज नाही. ज्याला कॉल ऑफ ड्यूटी रोज रात्री मित्रांशी खेळायचे आहे त्याने ती सहा वर्षांसाठी आधीच मांडावी.

आता डिस्कचा मुद्दा. आमच्या मते सबंध खरेदीतला महत्त्वाचा निर्णय हाच आहे आणि लोक तो दहा हजार वाचतात म्हणून घाईत करून टाकतात. डिस्क म्हणजे माल. ती आपण खेळतो, भावाला देतो, खेळून झाल्यावर विकतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा हाजी अलीजवळच्या हीरा पन्नामध्ये जुन्या डिस्कची देवघेव वर्षानुवर्षे चालत आली आहे, लहान गावांतही मुले आपसांत बदलून घेतात. बिनडिस्कच्या यंत्रात गेम फक्त पेढीच्या दुकानातून उतरवून घ्यायचा, आणि तो माल नव्हे, परवाना असतो. परवाना विकता येत नाही. पहिल्या भावांतील फरक दहा हजारांचा होता. एक डिस्क खेळून विकल्यावर दीड हजार जरी परत आले, तरी सात डिस्क विकल्या की तो फरक भरून निघाला. पुढचा सगळा फायदा आपला. शिवाय प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ४ च्या बहुतेक सर्व डिस्क चालतात, आणि त्यांचा जुना माल बाजारात मुबलक आहे. दोन वर्षांपूर्वीचे गेम खेळायला ज्याची हरकत नाही, त्याच्यासाठी याहून किफायतीचा मार्ग आम्हाला दिसत नाही.

२०२३ च्या अखेरीस सोनीने सडपातळ प्लेस्टेशन ५ काढले, त्यात डिस्कची ड्राइव्ह मागाहून जोडता येते. म्हणून आधी बिनडिस्कचे घेऊन पुढे ड्राइव्ह लावू, असे कोणी म्हणतात. हरकत नाही, पण ड्राइव्ह आपल्या बाजारात सुटी मिळते का आणि कितीला, हे आधी पाहून ठेवावे. ती जोडल्यावर एकदा इंटरनेटवरून यंत्राशी तिची नोंद करावी लागते हेही ध्यानात असू द्या.

परवाना म्हणजे काय हे दुकान बंद झाल्यावर कळते. निन्टेन्डोने वी या यंत्राचे दुकान २०१९ मध्ये बंद केले आणि ३डीएस व वी यू यांची विक्री मार्च २०२३ मध्ये. एक्सबॉक्स ३६० चे दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झाले. युबिसॉफ्ट कंपनीचा द क्रू हा मोटारींचा गेम तर लोकांनी पैसे देऊन घेतलेला होता. कंपनीने मार्च २०२४ अखेर त्याचा सर्व्हर बंद केला आणि तो सर्वांसाठीच संपला. त्यात डिस्कवाल्यांच्या डिस्कही निकामी झाल्या, कारण गेम सर्व्हरशिवाय चालतच नव्हता. कॅलिफोर्नियाने शेवटी कायदा केला की परवाना विकत असाल तर 'खरेदी' म्हणताना तसे स्पष्ट सांगा, आणि तो जानेवारी २०२५ पासून लागू झाला. इन्साफाने हेही सांगितले पाहिजे की कॉम्प्युटरवाला या बाबतीत स्वच्छ नाही. स्टीमवर २००३ पासून आपण परवानेच घेत आलो आहोत. फरक एवढाच की तिथे दुसरी दुकाने आहेत, जीओजीसारखे दुकान कुलूप नसलेली फाइलच हाती देते, आणि १९९३ चा डूम आजच्या यंत्रावरही चालवता येतो. कन्सोलवर जुना गेम चालेल की नाही, हे पेढीची मर्जी ठरवते.

कपाटात काय आहे ते आधी पाहा

एखादा माणूस दुकान सोडून नव्या जागी जातो तेव्हा जुन्या जागेतले किती सामान बरोबर येईल हे पाहतो. कॉम्प्युटरवाल्याने तेच करावे. स्टीमवर घेतलेले शे-दीडशे गेम कन्सोलवर येत नाहीत. तोच गेम पुन्हा पैसे देऊन घ्यावा लागतो. अपवाद एकच मोठा आहे. मायक्रोसॉफ्टच्या दुकानात 'प्ले एनीव्हेअर' अशी खूण असलेला गेम एकदा घेतला की विंडोज आणि एक्सबॉक्स दोन्हीवर चालतो. ही सोय २०१६ पासून आहे. पण स्टीमवर घेतलेल्याला ती लागू नाही.

हाताची सवय ही दुसरी बाब. माऊसने नेम धरणाऱ्या माणसाला अंगठ्याने नेम धरताना पहिले काही आठवडे जीव नकोसा होतो. कन्सोलचे गेम नेमाला आतून मदत करतात म्हणून पुढे जमते, पण ज्याचा हात काउंटर-स्ट्राइकवर बसलेला आहे त्याला ती गोडी येईलच असे नाही. फौजा हलवण्याचे गेम कंट्रोलरवर अवघडच. एज ऑफ एम्पायर्स २ हा गेम २०२३ मध्ये एक्सबॉक्सवर आणि २०२५ मध्ये प्लेस्टेशनवर आला, कंट्रोलरसाठी त्यांनी मेहनतही चांगली घेतली आहे, तरी पन्नास सैनिक निवडायला माऊसच पाहिजे. याउलट मोटारी, फुटबॉल, मारामारी, आणि गोष्ट सांगणारे मोठे साहसी गेम कंट्रोलरवरच खुलतात.

म्हणून आमची सूचना अशी की कन्सोलच्या आधी नुसता कंट्रोलर घ्या. एक्सबॉक्सचा आणि प्लेस्टेशनचा, दोन्ही कंट्रोलर कॉम्प्युटरला लागतात. एक एचडीएमआय केबल टाकून कॉम्प्युटर टीव्हीला जोडा आणि महिनाभर पलंगावर बसून खेळा. कित्येकांची हौस इथेच भागते आणि पंचेचाळीस हजार वाचतात. नाही भागली, तर आपल्याला काय पाहिजे ते नेमके कळलेले असते.

त्याचबरोबर कॉम्प्युटर सुधारण्याचा खर्चही मांडून पाहावा. प्रोसेसर आणि पॉवर सप्लाय ठीक असेल तर नुसते मधल्या भावाचे कार्ड पुष्कळ काम करते. पण नवा कॉम्प्युटर पायापासून उभा करायचा असेल तर कन्सोलच्या किमतीत तेवढ्या ताकदीचा होत नाही. २०२५ च्या शेवटी डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीचे भाव भडकले तेव्हा हा फरक आणखी वाढला. मात्र कॉम्प्युटर बिले काढतो, डिझाइन बनवतो, धंद्याच्या वहीत त्यावर घसाराही मिळतो. कन्सोल फक्त खेळतो. ज्याला घरासाठी एकच यंत्र परवडते त्याने कॉम्प्युटरच घ्यावा, यात आम्हाला शंका नाही.

तीन पेढ्या

ज्याच्याकडे बऱ्यापैकी विंडोज कॉम्प्युटर आधीच आहे, त्याला एक्सबॉक्स घेण्याचे कारण सर्वात कमी. मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे गेम कॉम्प्युटरवरही येतात, आणि हल्ली तर ती पेढी आपला माल दुसऱ्याच्या दुकानातही ठेवू लागली आहे. फोर्झा होरायझन ५ आणि गिअर्स ऑफ वॉर हे तिचे ठेवणीतले गेम २०२५ मध्ये प्लेस्टेशनवर आले. सिरीज एस हे छोटे यंत्र २०२० मध्ये आपल्याकडे ३४,९९० रुपयांना आले होते. साधा टीव्ही असलेल्या घरात मुलांसाठी ते ठीक, पण त्यात डिस्क नाही आणि ५१२ जीबीपैकी गेमसाठी मोकळी जागा सुमारे ३६४ जीबीच. आजचे मोठे गेम शंभर जीबी खातात, तेव्हा तीन-चार गेमांत गोदाम भरले. जागा वाढवायला खास त्याच बनावटीचे कार्ड लागते. प्लेस्टेशन ५ मध्ये मात्र कॉम्प्युटरला लागते तीच एम-टू जातीची वेगवान एसएसडी बसते, कोणत्याही कंपनीची. व्यापारी नजरेला हा फरक लहान वाटू नये.

सोनी आपले गेम कॉम्प्युटरवर आणते, पण बहुधा उशिरा. घोस्ट ऑफ त्सुशिमा प्लेस्टेशनवर २०२० मध्ये आला, कॉम्प्युटरवर २०२४ मध्ये. ग्रॅन टुरिस्मो ७ कॉम्प्युटरसाठी निघाला नाही. आणि हे फक्त सोनीपुरते नाही. जीटीए ५ कन्सोलवर २०१३ च्या सप्टेंबरमध्ये आला तो कॉम्प्युटरवर २०१५ च्या एप्रिलमध्ये, आणि सहाव्या भागाची पहिली झलक डिसेंबर २०२३ मध्ये दाखवली गेली तेव्हा त्यावर दोन्ही कन्सोलांची नावे होती, कॉम्प्युटरचे नव्हते. ज्याच्याकडे सबूर आहे त्याला कॉम्प्युटरवर बहुतेक माल उशिरा, स्वस्त आणि अधिक चांगल्या रूपात मिळतो. ज्याला पहिल्या दिवशीच पाहिजे, त्याच्यासाठी डिस्कवाले प्लेस्टेशन ही आमच्या मते सरळ निवड आहे.

निन्टेन्डोची गोष्ट वेगळी. मारिओ आणि झेल्डा कॉम्प्युटरवर येत नाहीत, म्हणून कॉम्प्युटरवाल्याच्या घरात नवे काही येते ते याच यंत्राने, आणि लहान मुलांसाठी त्याच्या तोडीचे दुसरे नाही. पण २०१७ चे स्विच असो की जून २०२५ चे स्विच २, कंपनीने ती भारतात अधिकृतपणे उतरवली नाहीत. माल आला तो आयात करणाऱ्यांकडून, म्हणजे वॉरंटी दुकानदाराच्या तोंडची. दोन फसवणुकी विशेष सांभाळाव्यात. जपानमध्ये स्विच २ दोन प्रकारांत निघाले. फक्त जपानी भाषेचे ४९,९८० येनला आणि सर्व भाषांचे ६९,९८० येनला. पहिले जपानी भाषेत आणि जपानच्या खात्यावरच चालते, तेव्हा कोणी फारच स्वस्त देऊ लागला तर भाषा उघडून पाहा. दुसरे म्हणजे स्विच २ च्या काही कॅसेटींत गेम नसतोच, नुसती किल्ली असते. डब्यावर 'गेम-की कार्ड' असे छापलेले असते. खोका हाती, माल इंटरनेटवर.

खरेदी करताना

दुबई-सौदीहून येणारे नातेवाईक डिस्क आणतात. प्लेस्टेशन ५ च्या डिस्क इथल्या यंत्रावर चालतात, परंतु त्या गेमची पुढची जोड इथल्या खात्यावर घेतली तर बहुधा लागत नाही. ज्या मुलखाची डिस्क त्याच मुलखाच्या खात्याची जोड लागते. यंत्रच तिकडून आणवायचे असेल तर इथल्या सर्व्हिस सेंटरात वॉरंटी मिळेल असे गृहीत धरू नये.

हप्त्यांवर घेणाऱ्यांसाठी एक शब्द. 'नो-कॉस्ट ईएमआय' मध्ये व्याज नसते असा समज आहे. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच सांगितले की शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही. प्रत्यक्षात बँक व्याज लावते, विक्रेता तेवढी सूट देतो आणि व्याजावरचा जीएसटी गिऱ्हाईक भरतो. जे बंधू व्याजापासून दूर राहतात त्यांनी हप्त्याचा कागद वाचूनच सही करावी. रोखीने घेणार असाल तर तीच सूट रोखीत मागावी, कधी कधी मिळते.

मुलांच्या हाती यंत्र देणार असाल तर खात्याला कार्ड जोडून ठेवू नका, आणि मुलाचे खाते वेगळे काढून त्यावर खर्चाची मर्यादा शून्य ठेवा. ही सोय सर्व कन्सोलांत आहे. फुटबॉलच्या गेममध्ये खेळाडूंची बंद पाकिटे विकतात. पैसे द्यायचे आणि आत कोण निघेल ते नशीब. बेल्जियमच्या सरकारी जुगार आयोगाने २०१८ मध्ये याला जुगार ठरवले आणि पुढच्या वर्षी ईए कंपनीला तिथे त्या पाकिटांसाठीचे पॉइंट विकणे थांबवावे लागले. कॉम्प्युटरवरही हे आहे, परंतु टीव्हीसमोर कंट्रोलरच्या एका बटनाने ते फार सोपे होते.

यंत्रमागाच्या गावात राहणाऱ्यांनी जागेचा विचार करावा. हवेत सुताचे तंतू असतात आणि कन्सोल खेळताना दोनशे वॅटच्या आसपास वीज खातो, म्हणजे पंखा सतत हवा ओढतो. बंद कपाटात किंवा जमिनीवर ठेवू नये. दर दोन महिन्यांनी बाहेरच्या जाळ्या साफ कराव्यात. वीज जात-येत असेल तर यूपीएस लावावा, कारण गेम उतरत असताना वीज गेली तर साठवण बिघडू शकते.

जुना कन्सोल घेणे हा किफायतीचा सौदा आहे, पण नुसता सुरू करून पाहू नका. आपली एक डिस्क बरोबर न्या आणि ती वाचली जाते का ते पाहा. पहिल्या खेपेच्या प्लेस्टेशन ५ मध्ये डिस्क ड्राइव्ह मूळ बोर्डाशी जोडलेली असते, दुसरी आणून बसवली तरी चालत नाही. दुकानातच इंटरनेट लावून आपल्या खात्याने आत जा. कंपनीने बंदी घातलेले यंत्र दिसायला धडधाकट असते आणि ऑनलाइन जात नाही. अर्धा तास मोठा गेम चालू ठेवून पंख्याचा आवाज ऐका, एचडीएमआयची केबल हलवून चित्र तुटते का पाहा, आणि कंट्रोलरला हात न लावता गेममधला माणूस आपोआप सरकतो का तेही पाहा. विकणाऱ्याचे खाते यंत्रातून काढून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नवा घेत असाल तर जीएसटीचे बिल मागा आणि त्यावर यंत्राचा सीरियल नंबर लिहून घ्या. खोक्यावरचा आणि यंत्रावरचा नंबर दुकानातच ताडून पाहा.